दादाला आणायला निमाडात

आमच्या वहिनी स्वतःहून फोन करणाऱ्यांतल्या नाहीत. दिवाळी-पाडव्याला आपण करावा, त्यांनी सगळ्यांची नावं घेऊन चौकशी करावी आणि "वन्सं, प्रकृतीला जपा" म्हणून ठेवावा, अशी इतक्या वर्षांची रीत. त्यामुळे नवरात्र संपता संपता आमच्या शाळेच्या ऑफिसात देवासहून माझ्यासाठी फोन आला, तेव्हा रिसीव्हर कानाला लावण्याआधी मी खुर्ची ओढून बसले.

"वन्सं, तुम्ही येऊन जाल का?" वहिनी म्हणाल्या. "मला भीती वाटते."

कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि ऑफिसात चार माणसं बसलेली असताना मला विचारवलं नाही. मी रजेचा अर्ज टाकला आणि दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याहून निघाले.

माझा थोरला भाऊ अरविंद, आमचा दादा, चित्रकार. पण पोट चित्रांवर नव्हतं. मुंबईत ड्रॉइंगचं शिक्षण अर्ध्यावर सोडून तो देवासला एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायला गेला. तेव्हा तिकडे कारखाने नवे होते आणि महाराष्ट्रातली पोरं भराभर जात होती. दोन वर्षांत परत येतो, असं आईला सांगून गेला होता. तिथेच रमला. रविवारी सायकलला रंगांची पेटी बांधायची आणि निघायचं, कधी बागलीकडच्या जंगलात, कधी नुसतं काळ्या शेतांच्या कडेला. माणसं "कोण हा भिया, ऊन खात बसलाय" म्हणून बघायची (तिकडे भावाला भिया म्हणतात) आणि मग चहा आणून द्यायची. तिथल्याच जुन्या संस्थानी घराण्याशी नातं असलेल्या एका कुटुंबातली मुलगी त्यानं केली. त्या आमच्या वहिनी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कारखाना बंद पडला. बरोबरचे लोक पिथमपूरला नोकऱ्या शोधत गेले. दादा पन्नाशीला आला होता. तो कुठेच गेला नाही. तो फक्त चित्रं काढू लागला.

मी सांगते आहे ती गोष्ट त्यानंतर पाच-सहा वर्षांनी घडलेली.

देवास

प्रवासाचं काय सांगायचं? दादासाठी मी सुकट घेतली होती, घट्ट बांधून, दोन पिशव्यांत. पुण्यापासून इंदूरपर्यंतच्या बसमध्ये लोक खिडक्या उघडून एकमेकांकडे संशयानं बघत होते. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

देवासच्या स्टँडवर माझी भाची माधवी स्कूटर घेऊन उभी होती. ती तिथेच शिकलेली, शाळा सगळी हिंदीतून. मराठी बोलते, पण अर्ध्या वाक्यात तिला हिंदीचा रस्ता जवळचा वाटतो.

"आत्या, बरं झालं तुम्ही आलात," ती म्हणाली. "आई तर दोन दिन से जेवत नाहीये. आणि बाबा अजून आलेच नाही."

"कुठून?"

"नदीवरून. परसोंच यायचे होते ते."

मला एवढंच कळलं की ज्याला भेटायला आले तो घरात नाही. स्कूटरवर मागे बसून मी टेकडीकडे बघत होते. देवासला कुठेही उभे राहा, देवीची टेकडी दिसतेच. मी मनातल्या मनात हात जोडले.

घरी पोहे तयार होते, वर शेव, बाजूला जिलेबी. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं. इथे सकाळीसकाळी जिलेबी. वहिनी समोर बसून मला वाढत होत्या, स्वतः काही घेत नव्हत्या. त्यांच्या माहेरचं मराठी जुन्या वळणाचं. नवऱ्याचं नाव तर नाहीच, साधं "हे"सुद्धा म्हणायच्या नाहीत.

"गणपतीच्या दिवसांत स्वारी नदीकाठी चक्कर येऊन पडली," त्या म्हणाल्या. "तिथल्याच माणसांनी बसमधून आणून सोडलं. मग इंदूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्या तपासाव्या लागतील, बहुतेक ऑपरेशनच. तर इकडून काय उत्तर? काम संपलं की बघू."

"कसलं काम?"

त्या मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

खोलीभर एकच गाव होतं. नर्मदेचा उंच काठ, त्यावर वीस-पंचवीस घरं, एक पांढरं देऊळ, दोन कडुलिंब, खाली पायऱ्या. सकाळचं, दुपारचं, धुक्यातलं, उन्हाळ्यातलं. सगळी चित्रं नदीच्या बाजूनं काढलेली, म्हणजे बघणारा पाण्यात उभा आहे असं वाटावं. दादाची आधीची चित्रं मला माहीत होती. डॉक्टरांच्या दवाखान्यात लोक हौसेनं लावतात तशी ती असायची, मोकळी, हवेशीर. ही तशी नव्हती. पाणी काळसर होतं आणि प्रत्येक चित्रात खालचा निम्मा कागद त्यानंच खाल्ला होता. खोलीत थांबवेना.

नदीच्या खालच्या अंगाला मोठं धरण होत होतं आणि ते गाव बुडणार होतं, हे वहिनींनी सांगितलं. पाणी कुठवर चढणार त्याच्या खुणा सरकारी माणसांनी घरांच्या भिंतींवर लाल रंगानं करून ठेवल्या होत्या. दादा एकदा सहज नदीकाठच्या धरमपुरीला गेला, तिथून पुढे होडीनं त्या गावी, आणि त्या खुणा बघून आला. त्या दिवसापासून दुसरं काही काढलं नाही.

"काम संपत नाही, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "एक झालं की दुसरं. आता तर सांगितलेल्या दिवशी परतही आले नाहीत. माझ्या मनात काय काय येतं ते मी कोणाला सांगू?"

दादाकडे मोबाईल नव्हता. त्या गावात फोन नव्हता. मी म्हटलं, "उद्या आपण दोघी जाऊ."

वहिनींनी मान हलवली. त्यांची बॅग आधीच भरून कपाटाशी ठेवलेली होती.

घाट उतरताना

इंदूरच्या पुढे रस्ता सपाट पळतो आणि मग एकदम माळवा संपतो. बस घाटाच्या तोंडाशी आली तेव्हा समोर, खूप खाली, धुरकट मैदान दिसलं. ते निमाड. वळणावर एक ट्रक कठड्याला टेकून आडवा पडला होता, त्याची चाकं आमच्याकडे होती. ड्रायव्हरनं गाडी हळू केली, हात कपाळाला लावला आणि पुन्हा वेग घेतला. ब्रेकचा जळका वास आत आला. वहिनी माझ्या मनगटाला धरून बसल्या होत्या, त्यांच्या बांगड्या मला रुतत होत्या. मी सोडवून घेतलं नाही.

खाली हवा वेगळी होती. वर पहाटे गारवा होता, इथे घाम. शेतांत कापूस फुटलेला, आणि रस्त्याकडेला मिरच्या वाळत घातलेल्या, मैलभर लाल. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी खिडकीतून तोंड काढून बघितलं असतं.

"तुम्ही इकडे कधी आला होता, वहिनी?"

"लहानपणी, पर्वणीला. वडील पालखीच्या बरोबर असत. मला नदीत उतरवलं तर मी इतकी रडले की परत कोणी आणलंच नाही." मग त्या म्हणाल्या, "आता बघा, घरचंच माणूस त्या नदीनं ठेवून घेतलं."

धरमपुरी

नदीकाठी देवळांना लागून एक धर्मशाळा आहे. दादा तिथे खोली घेऊन राहतो, हे वहिनींना ठाऊक होतं. रखवालदार म्हातारा होता. दादाचं नाव सांगितलं तर कळेना, "पेंटर" म्हटल्यावर उठून उभा राहिला.

"पेंटर साब तीन दिन से कमरे में नहीं सोए, बाई. सामान यहीं पड़ा है."

त्यानं खोली उघडून दिली. घडी घातलेली चादर, दोरीवर शर्ट, कोनाड्यात गोळ्यांच्या पट्ट्या. वहिनींनी एक पट्टी उचलून उजेडात धरली. एकही गोळी काढलेली नव्हती. त्यांनी ती पदराच्या टोकात बांधली आणि खाटेवर बसल्या. चेहरा असा झाला होता की मला त्यांच्याशी बोलायचं धैर्य होईना. मी एकटीच घाटावर गेले.

तिथे एकामागून एक होड्या लागलेल्या. मी तीन-चार जणांना विचारलं, कोणी नक्की सांगेना. एक म्हणाला परत गेले असतील. एक म्हणाला, "कल एक आदमी बहा था, पर वो तो जवान था." त्यानं ते बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. शेवटी मांगीलाल नावाचा नावाडी पान थुंकून म्हणाला, "पेंटर साब? वहीं हैं, बैन. गाँव के सामने टापू है, दिन भर उस पे बैठते हैं. रात को धापूबाई के यहाँ सो जाते हैं."

"बरे आहेत?" मी मराठीतच विचारलं.

"बैठते तो हैं," तो म्हणाला.

त्याच्या मोटरच्या होडीत आम्ही दोघी चढलो. मी समुद्राकाठची. होडीत बसायला मला कधी भीती वाटलेली नाही. पण समुद्र बोलतो, आधी वारा येतो, लाटांचा रंग बदलतो, कोळी माणसाला कळतं. ही नदी काही बोलत नव्हती. एवढं रुंद पाणी, आवाज न करता, एका बाजूनं सरकत होतं. वहिनींनी पूर्ण वेळ डोळे मिटून ठेवले.

गाव

गावाचं नाव लिहीत नाही. ते आता तिथे नाही, आणि त्या माणसांना कोणी येऊन काही विचारावं असं मला वाटत नाही.

चित्रात बघितलेलं सगळं एकेक करून समोर आलं. देऊळ, कडुलिंब, पायऱ्या. पायऱ्यांच्या वरचं पहिलं घर धापूबाईंचं. त्या सत्तरीच्या असाव्यात, ठेंगण्या, आवाज खणखणीत. त्यांच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, लाल आडवी रेघ होती. त्या रेघेखाली त्यांनी बाळंतिणीसाठी करतात तसला हळदीकुंकवाचा हात उमटवलेला होता आणि लसणाच्या माळा टांगल्या होत्या. घर नेहमीसारखं चाललं होतं.

"तुम घरवाली हो?" त्यांनी वहिनींना विचारलं. "अच्छा हुआ आई. ले जाओ इनको. हाथ ऐसे छाती पे रखते हैं और मैं पूछूँ तो हँस देते हैं."

त्यांनी आम्हांला बळंच मक्याची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. आमच्याकडे अंबाडीत गूळ पडतो. इथे नुसती मिरची. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते मिरचीचं आहे असं दाखवायला सोय झाली. वहिनींनी दोन घास खाल्ले. मग त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

समोर पात्राच्या मधोमध काळ्या खडकाचा एक लांबट टापू होता. त्याच्या टोकाला छत्री उघडून कोणीतरी बसलं होतं. इतक्या लांबून तो माणूस पाणकावळ्याएवढा दिसत होता.

"तेच," वहिनी म्हणाल्या.

टापू

मांगीलालनं आम्हांला टापूवर उतरवलं. त्याला पलीकडच्या बाजाराची माणसं आणायची होती. "धूप तिरछी हुई कि आता हूँ," म्हणून तो गेला.

दादानं आम्हांला बघितलं आणि ब्रश खाली ठेवला. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. ओठांना जांभळट रंग होता. मी चार वर्षांनी त्याला बघत होते. मला वाटलं मी उशिरा आले.

"बाय? तू कशी गं इथे?"

"तुला न्यायला आले. चल."

"हे एवढं होऊ दे. पाणी उतरलंय ना, खालच्या पायऱ्या अशा परत दिसायच्या नाहीत."

वहिनींनी पदराची गाठ सोडली आणि गोळ्यांची पट्टी त्याच्या रंगांच्या पेटीवर ठेवली. दादानं पट्टीकडे बघितलं आणि नजर नदीकडे वळवली.

मग तो बोलू लागला. ही माणसं कशी, त्यांनी त्याला कधी तू कुठला असं विचारलं नाही. तो स्वतःच्या मर्जीनं गाव सोडून आला, यांना कोणी मर्जी विचारली नाही. कोणीतरी हे काढून ठेवलं पाहिजे. तो खूप बोलत होता आणि सगळं खरं होतं, तरी मला ते पाठ केल्यासारखं वाटत होतं. मी त्याच्या हाताकडे बघत होते. बोलता बोलता तो हात छातीवर जाई आणि दादा तो परत खाली आणी.

आम्ही किती वेळ वाद घालत होतो कोण जाणे. मी त्याला रागावून काहीतरी म्हणाले आणि पाठ फिरवली, तेव्हा माझं लक्ष गेलं. आम्ही उतरलो ती जागा दिसत नव्हती. तिथे एक सपाट दगड होता, मी त्यावर पाय देऊन वर आले होते. आता तिथे पाणी होतं.

"दादा, हा दगड कुठे गेला?"

तो उठून बघू लागला. कडेकडेनं फेसाची एक मळकट रेघ सरकत होती. त्यात पालापाचोळा, कलिंगडाचा वेल, एक रबरी चप्पल. पाणी मघाशी हिरवं होतं, ते मातकट झालं होतं. आणि आवाज आला होता. मोठा नव्हे, दळताना जात्याचा येतो तसा, खालून.

"वरून पाणी सुटलंय," दादा म्हणाला.

वर कुठे पाऊस झाला होता की कोणी पाणी सोडलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. नंतर लोक दोन्ही सांगत होते. तेव्हा एवढंच दिसत होतं की टापू लहान होतो आहे. मांगीलालची होडी कुठेच नव्हती; ती पलीकडच्या काठावर अडकून पडली होती, हे नंतर कळलं. आम्ही सगळ्यांत उंच भागावर चढलो. दादा दोन पावलं चढला आणि खाली बसला. मग आडवा झाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, कपाळावर घामाचे मोठे थेंब.

मी ओरडले. गावाच्या दिशेनं ओरडले, दोन्ही हात हलवले. माझा आवाज पाण्यावर पाच हातसुद्धा गेला नसेल. वहिनी दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पट्टीतली एक गोळी काढून त्याच्या तोंडात घातली, लहान मुलाला घालतात तशी, हनुवटी धरून.

दादाची छत्री कलंडली आणि वाहत गेली. मग तिपाई गेली, त्यावरचं चित्रही. त्यानं ते बघितलं आणि काही केलं नाही. मग माझ्याकडे वळून, तीस वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकली नव्हती त्या आमच्या मालवणीत तो म्हणाला, "बाय, माका भय वाटता गो."

"बोट येतली," मी म्हटलं.

"पाण्याचा नाय. ऑपरेशनचा. त्या टेबलार झोपवतले आणि छाती फाडतले. मी उठलंय नाय तर? माका इतक्या भय वाटता की मी हयसर येऊन बसतंय. हयसर कोण इचारूक येवचा नाय."

एवढंच होतं ते. गाव बुडणार होतं, चित्रं खरी होती, आणि त्यामागे माझा भाऊ सुरीला भिऊन लपून बसला होता. मी त्याचे पाय दाबत राहिले, ते गार पडले होते.

वहिनींना मालवणी येत नाही. पण त्यांना सगळं कळलं होतं.

"मग मला का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या. त्यांनी त्याला असं सरळ विचारताना मी प्रथम ऐकलं. "मी काय हसले असते? मीही रोज भितेच आहे. सकाळी उठल्यापासून. एका घरात दोन माणसं, दोन खोल्यांत बसून, एकाच गोष्टीला भीत होतो आपण."

दादा रडायला लागला. पाणी माझ्या चपलांना लागलं.

काठावर धापूबाई दिसल्या. पायऱ्यांवरून खाली येत होत्या, पुन्हा वर पळत होत्या, सत्तरीची बाई. मग दिसेनाशा झाल्या. ती वेळ मला आठवते. बाकी सगळं नंतर एकमेकांना विचारून जुळवलं, पण काठ रिकामा दिसत होता तेवढा वेळ माझ्याजवळ जसाच्या तसा आहे. आपण इथे बुडणार, असं मला अगदी स्पष्ट वाटलं आणि मनात आलं की घराचं मागचं दार मी लावलं की नाही.

मग कडुलिंबाच्या पलीकडून माणसं आली. त्यांच्या डोक्यावर एक लहान डोंगी होती, वल्ह्याची. त्यांनी ती वर, बरीच वर नेली आणि तिथून पाण्यात सोडली, म्हणजे धारेबरोबर ती तिरकी टापूवर येईल. तिला दोर बांधला होता, दोराचं दुसरं टोक काठावरच्या लोकांच्या हातात. आत दोघे होते, एक धापूबाईंचा जावई, एक त्याचा भाऊ. पहिल्या खेपेला डोंगी आमच्या बाजूनं निघून गेली. वल्हं मारणाऱ्याचं तोंड मला दिसलं. तोही भ्यालेला होता. काठावरच्यांनी ओढून ती परत वर नेली. दुसऱ्या खेपेला त्यांनी खडक पकडला.

"पहले बाई लोग," जावई म्हणाला.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "आधी हे. नाहीतर मी इथून हलत नाही."

शेवटी सगळेच एकदम बसलो, डोंगीच्या काठापर्यंत पाणी. दादा तळाशी आडवा, त्याच्यावर वाकलेल्या वहिनी. या खेपेला त्यांचे डोळे उघडे होते. काठावरून दोर ओढणाऱ्यांत बाया होत्या, म्हातारे होते. धापूबाई सगळ्यांत पुढे, मोठमोठ्यानं शिव्या देत होत्या. कोणाला, ते कळलं नाही. बहुधा नदीला.

इंदूर

गावातल्या एका ट्रॅक्टरवर गवत पसरून दादाला झोपवलं आणि धरमपुरीला आणलं. तिथून जीप केली. घाट चढताना वहिनी त्याच्याशी सतत बोलत होत्या, माहेरच्या गोष्टी, दसऱ्याच्या मिरवणुकीच्या, मी कधी न ऐकलेल्या. तो झोपू नये म्हणून.

डॉक्टर म्हणाले, थोडा झटका येऊन गेला आहे, आता वाट बघण्यात अर्थ नाही. ऑपरेशनच्या सकाळी दादाला आत नेताना त्याचे दात वाजत होते. त्यानं ते लपवलं नाही. "भीती वाटतेय," तो वॉर्डबॉयला म्हणाला. वॉर्डबॉय म्हणाला, "सबको लगती है, भिया. पकड़ लो मेरा हाथ."

बाहेर बाकावर आम्ही तिघी. माधवी हनुमान चालिसा म्हणत होती. वहिनी पदराची गाठ सोडत होत्या आणि पुन्हा बांधत होत्या. एकदा मला म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही नसता तर मी त्या होडीत चढले नसते." मला तर सगळा वेळ वाटत होतं की मी त्यांच्याच आधारानं चालते आहे.

संध्याकाळी काचेतून दादा दिसला. नाकात नळ्या, पण छाती वरखाली होत होती. मी ती बराच वेळ बघत उभी राहिले.

पुढच्या हिवाळ्यात

वर्षानं मी पुन्हा गेले. दादा हळू चालतो, पण चालतो. पाणी चढलं होतं आणि त्या गावची माणसं इकडेतिकडे पांगली होती. धापूबाईंना धार जिल्ह्यातच, नदीपासून खूप लांब, एका नव्या वसाहतीत जागा मिळाल्याचं कळलं होतं. दादाला तिकडे जायचं होतं. त्यानं त्यांच्या घराचं एक चित्र जपून ठेवलं होतं, ते द्यायचं होतं. वहिनी म्हणाल्या, मीही येते.

वसाहत म्हणजे सपाट काळी जमीन, पत्र्याची सारखी घरं, ओळीनं. झाड एकही नाही. धापूबाई बारीक झाल्या होत्या. त्यांनी वहिनींना जवळ घेतलं आणि दादाच्या छातीवरचा व्रण शर्ट बाजूला करून बघितला.

दादानं चित्र उघडून दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं. पायऱ्या, भिंत, लसणाच्या माळा. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं घराच्या आठवणीनं.

"साब," त्या म्हणाल्या, "इसमें पानी कितना पास है. वहाँ रहते थे तब तो दिखा नहीं. पूरी उमर वहाँ सोई मैं, कभी डर नहीं लगा. अब लग रहा है."

"मैं तो रोज देख के ही बनाता था," दादा म्हणाला. "मुझे भी नहीं दिखा."

त्यांनी चित्र एका धुतलेल्या लुगड्यात गुंडाळलं आणि आत कोठीच्या मागे ठेवून आल्या. मग त्यांनी भाकरी टाकल्या आणि आम्ही जेवलो. तीच अंबाडी, तीच मिरची. पाणी टँकरचं होतं, त्याला पत्र्याचा वास येत होता.

निघायची वेळ झाली तेव्हा त्यांनी दादाला विचारलं, "अब क्या बनाते हो?"

ऑपरेशननंतर दादानं ब्रश हातात घेतला नव्हता. हात थरथरतो, असं तो सांगायचा. वहिनी विचारत नसत. त्यानं दारातून बाहेर बघितलं. उन्हानं तापलेली जमीन, पत्र्यांची रांग, दूरवर टँकरची धूळ.

"ये बनाऊँगा," तो म्हणाला.

"इसमें बनाने लायक क्या है?"

दादानं समोरच्या घराच्या सावलीत एक पालथा डबा ओढला, त्यावर बसला आणि पिशवीतून कागद काढला. पहिली रेघ वाकडी आली. त्यानं तशीच ठेवली आणि दुसरी काढली. वहिनी त्याच्या मागे पदराची सावली धरून उभ्या राहिल्या.

धापूबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी चांगलं, काठाचं लुगडं नेसलं होतं आणि केस विंचरले होते. त्या आपल्या पत्र्याच्या घराच्या दारात उभ्या राहिल्या, एक हात चौकटीवर ठेवून, सरळ आमच्याकडे बघत.